पलसाणा चोकडी आणि आमच्या गाडीचं ॲव्हरेज

सुरतेत राहणाऱ्या आपल्या खान्देशी मंडळींना पलसाणा वेगळं सांगायला नको. गावाला लग्न असो, श्रावणात कानबाई असो की मुलांची उन्हाळ्याची सुट्टी, उधना आणि सचिन मागे टाकून गाडी पलसाणा चोकडी ओलांडते आणि बारडोलीच्या रस्त्याला लागते, तेव्हा कुठे "निघालो एकदाचे" असं वाटतं. परत येताना हीच चोकडी दिसली की मागच्या सीटवर झोपलेल्यांना उठवायचं, "चला, घर आलं." बहुतेकांची पलसाण्याशी ओळख एवढीच. चहा, नाश्ता, टायरमध्ये हवा आणि पुढे.

थोडं थांबून पाहिलं तर हे गाव गमतीचं आहे. सुरत जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. मुंबईहून अहमदाबाद-दिल्लीकडे जाणारा महामार्ग इथून जातो. हजिरा बंदराहून निघून बारडोली, नवापूर, धुळे, नागपूर करत थेट ओडिशातल्या पारादीपपर्यंत जाणारा दुसरा महामार्ग त्याला इथेच छेदतो. 2010 साली देशातल्या महामार्गांचे नंबर बदलले, तेव्हा पहिल्याचा 8 जाऊन 48 आला आणि दुसऱ्याचा 6 जाऊन 53. आमचे पप्पा मात्र अजून "आठ नंबर" आणि "सहा नंबर"च म्हणतात. इथून कडोदऱ्यापर्यंत कापडाच्या डाइंग-प्रिंटिंग मिला, त्यांच्या चिमण्या, कोऱ्या कापडाचे तागे वाहणारे टेम्पो. आणि मिलांच्या भिंती संपल्या की लगेच ऊस. चलथाणचा सहकारी साखर कारखाना याच भागातला. हिवाळ्यात उसाच्या ट्रॅक्टरमागे पंधरा-वीस मिनिटं रखडला नाही, असा माणूस या रस्त्यावर सापडणार नाही. त्या उसाच्या तोडीला आलेली पुष्कळ माणसं डांगातली आणि आपल्या नंदुरबार-धुळ्याकडची. इथे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून "एक कोयता" म्हणतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमची कंपनी मिलांसाठी उत्पादनाचं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवते, त्यामुळे आठवड्यातले तीन-चार दिवस माझी दिंडोली-पलसाणा ये-जा असते. गेल्या हिवाळ्यात या रस्त्यावर मी एक जास्तीचं काम अंगावर घेतलं. आमच्या जुन्या गाडीचं ॲव्हरेज का पडलं, ते शोधायचं. पेट्रोलचे चार पैसे वाचावेत एवढाच त्यामागचा हेतू नव्हता.

गाडी विकायची की ठेवायची?

पप्पा 2011 साली मिलमधून रिटायर झाले आणि त्याच वर्षी त्यांनी ही छोटी पेट्रोल गाडी घेतली. आमच्या घरातली पहिली चारचाकी. आजी साक्री तालुक्यातल्या गावी असते, नव्वदीच्या जवळ आली आहे. पप्पा महिन्यातून एकदा गाडी काढून तिला भेटून येत. पहिली काही वर्षं हायवेला लिटरमागे 17 किलोमीटर पडायचे. मग 15, मग 13, आणि गेल्या वर्षी 11 वर आलं. गावात चुलतभावाने विचारलं, "हाई गाडी शे का टँकर?" सगळे हसले, पप्पाही हसले. पण पेन्शनीत घर चालवणाऱ्या माणसाला पेट्रोलचा आकडा बोचतो. महिन्याची फेरी तीन महिन्यांवर गेली. बसने जायचं तर गुडघे साथ देत नाहीत. आजी फोनवर विचारायची, "कधी येशी?" पप्पा म्हणायचे, "येईन, येईन."

दिवाळीनंतर त्यांनी जाहीर केलं की गाडी विकायची. पुढच्या वर्षी 15 वर्षं पूर्ण होणार, मग फिटनेस करून रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी नव्याने करावं लागणार. एवढं करून टँकर पोसायचा कशाला?

तोवर तीन गॅरेजं झाली होती. एकाने इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी धुण्याचं पॅकेज सांगितलं, दुसरा इंजिन उघडा म्हणाला, तिसरा विका म्हणाला. तिघांनी बॉनेट उघडून उभ्या गाडीचा आवाज ऐकला. गाडी रस्त्यावर चालवून कोणीच पाहिली नव्हती. मी पप्पांकडून दोन महिने मागून घेतले. "संक्रांतीनंतर काय ते ठरवू," म्हटलं.

आधी मोजणी

आमच्या धंद्यात प्रोग्रॅम हळू चालतो अशी तक्रार आली, तर आधी किती हळू आणि नेमका कधी हळू, ते मोजतात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतात. दोन बदलल्या तर कोणत्या बदलाने काय झालं ते कळत नाही. गाडीलाही हाच नियम लावला.

ॲव्हरेज मोजायची खरी रीत टाकी ते टाकी. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नळीवर, पहिला "टक" आवाज झाला की थांबायचं. पंपावरचा मुलगा राउंड फिगर करायला अजून थोडं भरू पाहतो, त्याला नको म्हणायचं. ट्रिप मीटर शून्य करायचं, तीनशे-साडेतीनशे किलोमीटर चालवायची आणि तिथेच पुन्हा भरायची. शंभर रुपयांचं पेट्रोल टाकून ॲव्हरेज काढणाऱ्यांचा हिशेब हमखास फसतो. भरताना अर्धा लिटर इकडेतिकडे झालं, तर पाच लिटरवर ती दहा टक्क्यांची चूक होते. तीस लिटरवर तीच चूक दोन टक्क्यांच्या आत येते.

ओडोमीटर खरं बोलतो का, तेही बघायचं. कोणी मूळ मापापेक्षा मोठे किंवा लहान टायर बसवले असतील तर किलोमीटरचा आकडाच चुकतो. महामार्गावर किलोमीटरचे दगड असतात, सलग दहा दगड मोजून मीटरशी ताडून घेतले. आमचा मीटर ठीक होता.

इथे एक खास आपल्या मंडळींसाठी. गुजरातेत पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, म्हणून गावी जाताना आपण सगळेच नवापूरच्या अलीकडे टाकी भरून घेतो. पैसे वाचवायला ते बरोबरच आहे. पण ज्या फेरीत ॲव्हरेज मोजायचं, त्या फेरीत मधली भरलेली प्रत्येक पावती जपून ठेवा, नाहीतर मोजणी तिथेच संपली.

दोन टाक्यांचा हिशेब निघाला 11.4. ही आमची सुरुवात.

याच्याबरोबर एक वही केली. शहरात किती, हायवेला किती, एसी होता का, माणसं किती. त्यातून पहिली खूण मिळाली. एरवी गाडी शहरात जास्त पिते आणि हायवेला कमी. आमच्या गाडीचे शहरातले आकडे वयाच्या मानाने ठीक होते, हायवेचे आकडे मात्र फारच वाईट. दुखणं मोकळ्या रस्त्यावर होतं, आणि गॅरेजवाले ते उभ्या गाडीत शोधत होते.

पलसाण्याचा रस्ता

त्यासाठी पलसाण्यासारखी जागा नाही. चोकडीवरून दक्षिणेला नवसारीच्या ग्रीडपर्यंत आठ नंबर सपाट आणि सरळ. चढ नाही, घाट नाही. त्याच रस्त्याने जाऊन परत यायचं, म्हणजे वारा एकदा समोरून आणि एकदा मागून लागतो आणि हिशेब सम होतो. सकाळी सातच्या आत निघालं तर मिलांच्या पाळीची गर्दीही नसते. आठवड्यातून दोनदा मी ऑफिसच्या आधी ही फेरी करायचो.

पहिली तपासणी चाकांची. दाराच्या खांबावर कंपनीचं स्टिकर असतं, त्यावर हवेचा आकडा लिहिलेला असतो. आमच्या गाडीला 33 हवा. निघाली 26, 27, 25, 28. गाडी मऊ चालावी म्हणून कमी हवा ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब असा की चारही टायरमध्ये एक-एक पीएसआय कमी झाली तर ॲव्हरेज साधारण 0.2 टक्के पडतं. म्हणजे आमच्या सहा-सात पीएसआयचा तोटा दीड टक्क्याच्या आसपास. टायरच्या आयुष्यासाठी आणि ब्रेकसाठी हवा नीट हवीच, पण सतराचं अकरा करणारा चोर हा नव्हे.

दुसरी तपासणी गाडी किती मोकळी चालते याची. रविवारी सकाळी कडोदरा जीआयडीसीच्या आतल्या रिकाम्या, सपाट रस्त्यावर ताशी 40 ला गाडी न्यूट्रल केली आणि थांबेपर्यंत किती जाते ते मोजलं. दोन्ही दिशांची सरासरी आली 300 मीटर. मग ब्रेक फारसे न वापरता वीस मिनिटं चालवून थांबलो आणि प्रत्येक चाकाजवळ हात नेला. हात लावू नका, भाजतो, जवळ नेला तरी कळतं. तीन चाकं कोमट, पुढचं डावं मात्र चांगलंच तापलेलं. पाय उचलल्यावरही ब्रेक धरून राहत होता. कॅलिपरच्या पिना कोरड्या पडून अडकत होत्या. शिवाय हँडब्रेकची केबल गरजेपेक्षा जास्त ताणलेली. पिना साफ करून ग्रीस लावलं, केबल सैल केली, टायरमध्ये हवा भरली. त्याच रस्त्यावर गाडी 420 मीटर गेली. पुढच्या टाकीचा हिशेब 12.5.

मी इथे चाक आणि ब्रेक अशा दोन गोष्टी एकदम बदलल्या, पण दोन्हींचा परिणाम त्या मीटरच्या मोजणीत एकत्रच दिसतो, म्हणून चाललं.

एअर फिल्टरचंही सांगून टाकतो, कारण ॲव्हरेजचं नाव काढलं की सगळे पहिल्यांदा तोच बदलायला सांगतात. पलसाण्याच्या हवेत धूळ आणि कापडाचे तंतू भरपूर, आमचा फिल्टर काढला तेव्हा गोधडीसारखा दिसत होता. तो बदलला आणि ॲव्हरेज जागचं हललं नाही. याचं कारण आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हवा अडली की पेट्रोलचं प्रमाण वाढायचं, म्हणून त्या काळात हा सल्ला खरा होता. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो. हवा कमी आली की तो संगणकाला कळवतो आणि संगणक पेट्रोलही तेवढंच कमी सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 साली हे गाड्यांवर तपासून पाहिलं. तुंबलेल्या फिल्टरने नव्या गाड्यांचा जोर कमी झाला, ॲव्हरेज फारसं पडलं नाही. फिल्टर इंजिनसाठी बदलावा, त्यातून ॲव्हरेजची आशा धरू नये.

थंड इंजिन

आता गाडीच्या संगणकालाच विचारायचं ठरवलं. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं. आपल्याकडे बीएस-4 बरोबर, म्हणजे 2010 नंतर, गाडीने आपले दोष स्वतः नोंदवण्याची सोय सक्तीची होत गेली. त्या सॉकेटमध्ये लावायचं काडेपेटीएवढं ब्लूटूथ यंत्र हजाराच्या आत मिळतं, आणि मोबाइलवर इंजिनचे आकडे दिसू लागतात.

इंजिनची लाइट पेटलेली नव्हती, दोषाचा कोड एकही नव्हता. ऑक्सिजन सेन्सरची रेघ व्यवस्थित वरखाली होत होती, म्हणून तो बदलायचा खर्च वाचला. पण एक आकडा विचित्र होता. पलसाणा चोकडीवर ट्रकांच्या गर्दीत उभे असताना कूलंटचं तापमान 88 अंश. ग्रीडच्या रस्त्याला लागून ऐंशीचा वेग धरला की ते उतरत 62 वर यायचं आणि तिथेच राहायचं. परत चोकडीत अडकलो की पुन्हा वर. पाच सकाळी पाहिलं, पाचही दिवस तेच.

हे उलटं आहे. धावणाऱ्या इंजिनचं तापमान ऐंशी-नव्वदच्या आसपास टिकलं पाहिजे. ते टिकवायचं काम थर्मोस्टॅटचं. इंजिन थंड असताना तो पाण्याची रेडिएटरची वाट बंद ठेवतो, तापलं की उघडतो. तो उघडाच अडकला असेल तर हायवेच्या वाऱ्याने इंजिन सारखं गार पडत राहतं. संगणकाला वाटतं अजून सकाळच आहे, इंजिन तापायचं आहे, आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ऑइल दाट राहतं ते वेगळंच. आमच्याकडे मिलमध्ये वाफेच्या लाइनवर ट्रॅप असतात. एखादा ट्रॅप उघडा अडकला की वाफ फुकट जाते आणि बॉयलरवाला कोळसा टाकत बसतो. ते दुखणं सगळ्यांना माहीत असतं. गाडीत तेच झालं होतं.

चोकडीजवळच्या एका छोट्या गॅरेजात गेलो. कारीगराला मोबाइलवरचे आकडे दाखवले. त्याने थर्मोस्टॅटचं घर उघडलं आणि हसायलाच लागला. "साहेब, आमां वाल्व ज नथी!" थर्मोस्टॅट अडकलेला नव्हता, जागेवरच नव्हता. काही उन्हाळ्यांपूर्वी घाटात गाडी तापली होती, तेव्हा वाटेतल्या कोणा मेकॅनिकने तो काढून टाकला असणार. आपल्या भागात हा सर्रास चालणारा उपाय आहे. गाडी तापायची थांबते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि पेट्रोल हळूहळू गळत राहतं.

गॅरेजांना हे का दिसलं नाही, तेही कळलं. उभ्या गाडीला वारा लागत नाही, त्यामुळे इंजिन नीट तापतं आणि सगळं ठीक दिसतं. आमची पीयूसीही याच कारणाने पास होत होती. एरवी पीयूसीची पावती हा फुकटचा रिपोर्ट आहे, जपून ठेवा. बीएस-4 पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के आहे. आकडा दरवेळी मर्यादेला टेकत असेल तर इंजिन जास्त पेट्रोल खात असल्याची शंका घ्यावी.

नवा थर्मोस्टॅट, नवं कूलंट, तळाशी साचलेला गंज धुऊन काढला. आधी गाडी का तापली होती, तेही बघितलं. रेडिएटरचं झाकण प्रेशर धरत नव्हतं, ते बदललं. ते न बघता नुसता थर्मोस्टॅट बसवला असता तर गाडी घाटात पुन्हा तापली असती. आता हायवेला काटा 86-88 वर स्थिर. पुढची टाकी 13.9.

बारडोलीपासून कोंडाईबारीपर्यंत

जानेवारीत संक्रांतीला गावी निघालो. पप्पा चालवायला, मी शेजारी वही घेऊन, मागे आई आणि तिळगुळाचे डबे. निघण्याआधी टपावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवलं. ते वर्षभर नुसतं वारा अडवत होतं.

पप्पांशी करार केला होता, वेग ऐंशीच्या वर न्यायचा नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीचे शंभर केले, म्हणजे वेग सव्वापट झाला, तर हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, गाड्यांच्या जाहिरातीत छापलेलं ॲव्हरेज तिथल्यासारख्या चाचणीतून येतं. ती चाचणी खोलीत, रोलरवर होते. त्यात एसी बंद असतो आणि वेग नव्वदच्या वर जात नाही. आपण एसी लावून शंभरने पळवायची आणि कंपनीला खोटं ठरवायचं, हे काही बरोबर नाही.

पलसाण्यापासून बारडोलीपर्यंत रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस. ऊस भरलेल्या गाड्या कारखान्याकडे चाललेल्या. 1928 च्या सत्याग्रहाने बारडोलीचं नाव देशभर झालं, वल्लभभाईंना लोक सरदार म्हणू लागले ते इथे. आज या गावाची ओळख साखर कारखान्यानेही होते. आणि याच उसाशी आमच्या ॲव्हरेजचा चौथा धागा जोडलेला आहे. साखरेच्या मळीतून आणि रसातून इथेनॉल बनतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल 2023 च्या फेब्रुवारीत निवडक पंपांवर आलं आणि 2025 मध्ये तेच सगळीकडचं पेट्रोल झालं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटलं होतं की जुन्या रचनेच्या चारचाकींचं ॲव्हरेज 20 टक्के मिश्रणाने 6 ते 7 टक्के कमी होईल. आमची 2011 ची गाडी त्यातच मोडते. 17 मधून साडेसहा टक्के वजा केले तर राहतात 15.9. म्हणजे आमच्या गाडीची आजची कमाल हीच, त्यापलीकडचं मागणं गाडीवर अन्याय. जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप मात्र वर्षातून एकदा तपासून घ्यावेत, इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही.

हे सांगितलं तेव्हा पप्पा उसाकडे बघून म्हणाले, "म्हणजे आपलंच माणूस तोडतो आणि आपलीच गाडी पिते." नंदुरबारकडचे कोयते त्यांच्या ओळखीचे. तरुणपणी गावातली माणसं तोडीला जाताना त्यांनी पाहिलेली.

मढीला खमणी घेतली, व्यारा गेलं. सोनगडला डोंगरावर किल्ला दिसला. पिलाजीराव गायकवाडांचं ठाणं तिथे होतं, बडोदा नंतर. मग नवापूर. त्याचं रेल्वे स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. विसरवाडी सोडली आणि कोंडाईबारीचा घाट सुरू झाला.

घाटाचं गणित सोपं आहे. चार माणसांसह साडेबाराशे किलोची गाडी 100 मीटर वर चढवायला साधारण दीडशे मिली पेट्रोल जास्तीचं लागतं. ते टळत नाही. पण उतारावर त्यातलं काही परत मिळतं, फक्त गाडी गिअरमध्ये हवी. आपल्याकडे पुष्कळजण उताराला गाडी न्यूट्रल करतात, काही तर इंजिन बंद करतात. कार्ब्युरेटरच्या काळातली ही सवय आहे. इंजेक्शनच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गिअरमध्ये उतरलं तर संगणक इंजेक्टर पूर्ण बंद करतो, थेंबभरही पेट्रोल जात नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. आणि इंजिनचा ब्रेक सुटल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. कोंडाईबारीत ट्रकांच्या मध्ये तो धोका कशाला घ्यायचा? मोबाइलवर उतारात पेट्रोलचा आकडा शून्य झालेला पप्पांना दाखवला. चाळीस वर्षांची सवय त्यांनी त्या एका आकड्यावर सोडली. चढावर कूलंट 94 पर्यंत गेलं, पंखा लागला आणि पुन्हा खाली आलं. गाडी तापली नाही.

दहिवेल, साक्री, गाव. जाऊन-येऊन साडेतीनशेच्या आतबाहेर, आणि परत आल्यावर त्याच पंपावर टाकी भरली. 15.6.

हिशेब

पप्पांनी वही मागून घेतली आणि स्वतः बेरीज केली. ब्रेक, हवा, थर्मोस्टॅट, कूलंट, झाकण, फिल्टर आणि ते ब्लूटूथ यंत्र मिळून खर्च चार हजारांच्या आत. गावाच्या एका फेरीला आधी तीस लिटर लागायचं, आता बावीस. लिटरला पंचाण्णव धरले तरी एका फेरीत साडेसातशे वाचतात. पाच-सहा फेऱ्यांत खर्च निघाला.

या दोन महिन्यांत मला कळलं ते असं. जुन्या गाडीचं ॲव्हरेज पडतं तेव्हा सहसा एकच मोठा दरोडेखोर नसतो, चार भुरटे चोर असतात. धरलेला ब्रेक, गार इंजिन, टपावरचं कॅरिअर, आपला उजवा पाय. प्रत्येकजण थोडं थोडं नेतो आणि आपण म्हणतो गाडी म्हातारी झाली. काही तोटा गाडीचा नसतोच, तो पेट्रोलचा असतो आणि तो मान्य करायचा असतो. कोणता कुठला ते वेगळं काढलं, म्हणजे गाडी विकायची की ठेवायची हे ठरवणं सोपं जातं. हे सगळं करूनही आमची 12 वरच अडकली असती आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघत असता, तर इंजिनच झिजलंय असं मानून मीही विका म्हटलं असतं.

तुमची गाडी जुनी असेल तर होळीला गावी जाण्याआधी एवढं करून बघा. सकाळी टायर थंड असताना स्टिकरप्रमाणे हवा भरा. वीस मिनिटं चालवून चारही चाकांची ऊब तपासा. हायवेला तापमानाचा आकडा बघा, तो यंत्रात दिसतो, काटा असेल तर काट्यावर. काटा धावत्या गाडीत खाली येत असेल तर थर्मोस्टॅट आहे का ते विचारा. कॅरिअर रिकामं असेल तर काढा. ऐंशी धरा. आणि हे झाल्याशिवाय कोणालाही इंजिन उघडू देऊ नका. पलसाणा-ग्रीडचा रस्ता सकाळी सातच्या आत सगळ्यांना खुला आहे.

पप्पांनी गाडी विकायचं अजून तरी काढलेलं नाही. फिटनेससाठी काय काय लागेल याची यादी त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहायला घेतली आहे. फेब्रुवारीत ते आणि आई दोघंच गावी जाऊन आले, मला न सांगता. आजीने फोन केला तेव्हा मला कळलं. पंपाची पावती मात्र पप्पांनी वहीत चिकटवून ठेवली होती, आणि तिच्या शेजारी पेनाने लिहिलं होतं, 15.8.